सर्व स्थितीत कोंबडा

ख्रिस्ताचा प्रेषित पौल रोमला गेला तेव्हा दोन वर्षं भाड्याच्या घरात राहिला आणि त्याच्यावर पहाऱ्याला एक शिपाई होता, असं बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक सांगतं. शिपाईच ना? माझ्यावर घरमालक सुभेदारकाका आहेत. निवृत्त आहेत, पण ते फक्त पेन्शनच्या कागदावर.

साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या अंगाला असलेल्या एका पेठेत त्यांची वरची खोली मला मिळाली. मी मूळचा नगरचा, पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, घडवणाऱ्या सेमिनरीतून नुकताच बाहेर पडलेला, बिनलग्नाचा. मिशनरी म्हटल्यावर काकांच्या डोळ्यांपुढे हॅट घातलेला गोरा साहेब असावा. मला बघून त्यांचा हिरमोड झाला.

“मराठी चांगलं बोलता की!”

“घरची भाषा आहे, काका.”

“आणि हे मिशन?”

अमेरिकन मिशनरी मुंबईत १८१३ साली उतरले, आमच्या नगरला १८३१ साली पोचले, हे मी पाठ केल्यासारखं सांगितलं. काका मान डोलवत म्हणाले, “म्हणजे जुनं खातं आहे.” मग अटी आल्या. मटण-मच्छी शिजवायची नाही, काकू माळकरी आहेत. रात्री दहानंतर पेटी वाजवायची नाही. आणि विचारल्याशिवाय दोन गोष्टी बदलायच्या नाहीत: कुणाचा धर्म आणि नळाची तोटी. तोटीवर त्यांचा भर जास्त होता.

मी सेवा करायला आलो होतो, पण सेवा माझीच सुरू झाली. सकाळी दारात झाकलेली ताटली यायची. भाकरी, वांग्याची भाजी, कोपऱ्यात ठेचा. काकूंचा ठेचा हा ठेचा नव्हे, ती शिस्त आहे. जेवणाआधीची प्रार्थना मी लांबवायला लागलो त्याचं कारण हेच. शेजारच्या वहिनींनी गॅसचा नंबर लावून दिला, समोरच्या पोराने किल्ल्याच्या चढावर बंद पडलेली माझी स्कूटर ढकलली. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या लोकांच्या, घरभेटींना गेलो की चहा. “नको” म्हणालो तर “पाळकसाहेबांना आमचा चहा चालत नाही” ही बातमी मी पोवई नाक्यावर पोचायच्या आत तिथं पोचलेली असे. देणाऱ्याचा हात वर असतो, त्यामुळे त्याची मान दुखत नाही. घेणाऱ्याला सारखं वाकावं लागतं आणि सेमिनरीत त्याचा तास नसतो.

त्यात साताऱ्याला पूर्वी कोण येऊन गेलं, हे इथले ज्येष्ठ विसरू देत नाहीत. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१७ साली मिशनपासून वेगळे होऊन इथं आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात. तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो म्हणणारा माणूस. माझा उपदेश संपला की कुणीतरी म्हणतंच, “बरा झाला. पण टिळक असते तर यावर अभंग केला असता.”

आता हंगामाचा सण. आमच्याकडे पीक आलं की त्या दिवशी लोक आपापलं पहिलं उत्पन्न चर्चमध्ये आणतात. व्यासपीठाच्या पायऱ्यांवर ऊस उभा केलेला, ज्वारीची कणसं, कोरेगावकडचा वाघ्या घेवडा, लाल भोपळे, अंड्यांचा ट्रे. आणि ट्रेच्या शेजारी, पाय सुतळीने बांधलेला, तांबूस पिसांचा, काळ्या शेपटीचा एक कोंबडा. एक डोळा माझ्यावर रोखून बसलेला. विषय होता पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेला: सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. मी “सर्व स्थितीत” म्हणालो की तो आरवायचा. मंडळीने एवढ्या लक्ष देऊन माझा उपदेश त्याआधी ऐकला नव्हता.

उपासनेनंतर लिलाव. खजिनदार शर्टाच्या बाह्या दुमडून उभे. “कोंबडा तीनशे एक वार!” भोपळा पंचवीसचा असला तरी इथं दोनशेला जातो, कारण पैसा देवाच्या कामाला. शिवाय घेणारा वस्तू परत देतो आणि ती पुन्हा बोलीला चढते. कोंबडा असा फिरून फिरून विकला गेला. साताऱ्यात एवढा भाव कंदी पेढ्यालाही नाही. शेवटची बोली एका सिस्टरची. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत उभारलेल्या मिशन दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी गेलेली, वॉर्डात बोलायच्या त्याच आवाजात म्हणाल्या, “हा आमच्या पाळकसाहेबांना.” टाळ्या झाल्या. टिळकांनी अभंग केला असता. माझ्या नाकात पीस गेलं आणि मला शिंक आली.

कापावा तर करार आडवा. कुणाला द्यावा तर सिस्टर दर रविवारी विचारणार, “कसा आहे?” परत करावा तर ते अर्पण. मी आशेने काकांकडे गेलो. ते नाही म्हणाले असते तर सगळंच सुटलं असतं. काकांनी चष्मा लावून विचार केला.

“शिजवायचा नाही, हे ठरलंय. ठेवायचा नाही, असं कुठं ठरलंय?”

तो साडेतीनला आरवतो. येशूचा शिष्य पेत्र त्याला ओळखत नाही म्हणाला, कोंबडा आरवला आणि पेत्र बाहेर जाऊन रडला, हे मी लहानपणापासून वाचत आलोय. बाहेर जायला त्याच्याकडे निदान अंगण होतं. मी उशीत रडायचो.

पण गल्लीला तो मानवला. आमच्याकडे नळाला पाणी पहाटे येतं, आणि पाण्याच्या आधी उठणारा एक भरवशाचा जीव सगळ्यांना हवाच होता. वहिनींनी मोबाईलचा गजर बंद केला. काकूंचा हरिपाठ सुरू झाला की तो कठड्यावर बसून मधूनच सूर लावतो, काकू म्हणतात, “मागच्या जन्मी टाळकरी असणार.” असल्या विधानावर माझ्या पंथाचं मत वेगळं आहे, पण ताटली नुकतीच आली होती. मला सगळे “कोंबडेवाले फादर” म्हणू लागले. मी फादर नाही, ते कॅथलिकांकडे असतात, हे समजावणं मी सोडून दिलं.

एका पहाटे तो आरवलाच नाही. पाणी येऊन गेलं, निम्म्या गल्लीच्या बादल्या कोरड्या. काका बॅटरी घेऊन, काकू ज्वारीची मूठ घेऊन, पोरं हाका मारत, आणि मी चपला न घालता किल्ल्याच्या वाटेला. एका पडक्या भिंतीमागे घाणेरीच्या जाळीत स्वारी अडकलेली, शेपटी अर्धी, नजर पहिल्यासारखीच उर्मट. “देवा, तुझे उपकार!” मी ओरडलो. मागून काका म्हणाले, “फादर, तुमची एवढी आटोपशीर प्रार्थना पहिल्यांदा ऐकली.”

सिस्टरना हे सांगितलं. त्यांनी फक्त शेपटीला काय लावलं ते विचारलं आणि हळदीचं प्रमाण चुकलंय म्हणाल्या.

आता हंगाम पुन्हा जवळ आलाय. काल मंडळीच्या सेक्रेटरींचा फोन आला. कोरेगावकडचं एक कुटुंब यंदा मोठं अर्पण करणार आहे, बोकड, आणि त्यांची इच्छा आहे की तो शेवटी पाळकसाहेबांकडेच यावा. मी फोन कानाला धरून गप्प राहिलो. खाली ओट्यावर पेपर वाचणाऱ्या काकांना सगळं ऐकू गेलं होतं.

“घ्या,” ते पान उलटत म्हणाले. “बोकडाचंही करारात काही नाही.”