‘जुनं’ आणि ‘जुन्या लाकडाचं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या चिनी कपाटावरच्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली. मी ती तीनदा वाचली. ‘धन्यवाद’ एवढंच लिहून मोकळं व्हावं अशी ती नाही, म्हणून सविस्तर उत्तर देते. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. ‘अँटिक’ म्हणून मिळणारं चिनी फर्निचर बहुतेक बनावट असतं आणि मी लोकांना त्या वाटेला लावतेय. जे खरं असतं तो त्या लोकांचा वारसा. तो आपल्या दिवाणखान्यात कशाला? आपल्या पावसाळ्यात ते टिकायचं नाही. आणि गावाकडच्या घरात आजीचा सागवानी पेटारा भंगारवाल्याची वाट बघत पडलेला असताना ही परदेशी हौस कशासाठी?

पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे आणि चूक माझी आहे. मी ‘अँटिक’ हा शब्द सैलपणे वापरला. माझं कपाट उत्तर चीनमधल्या शान्शी प्रांतातलं, एल्म नावाच्या झाडाच्या लाकडाचं, साधारण शंभरेक वर्षांचं असावं. मागचे दोन पाय खालून चार बोटं नवे आहेत. त्याला ‘जुनं’ म्हणावं, ‘दुरुस्त केलेलं’ म्हणावं. ‘अँटिक’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मिंग काळातली (चौदावं ते सतरावं शतक) खुर्ची येते, आणि त्या खुर्चीचा नि माझ्या कपाटाचा व्यवहार अगदी निराळा आहे. २०१५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात ह्वांगह्वाली या मौल्यवान चिनी लाकडाच्या चार गोल पाठीच्या खुर्च्या सुमारे ९७ लाख डॉलरला गेल्या. माझं कपाट मला एका चांगल्या फ्रिजच्या किमतीत मिळालं. एकाच शब्दाखाली या दोन वस्तू घातल्या की फसवणाऱ्याचं काम सोपं होतं. तो लेख मी दुरुस्त केला आहे.

पण ‘बहुतेक बनावट’ या तुमच्या शब्दांत जरा भर घालायला हवी, कारण बाजारात निव्वळ खोटं कमी आणि अर्धं खरं जास्त चालतं. हे मी पैसे मोजून शिकले. बीजिंगमध्ये राहायला गेल्यावर पहिल्याच वर्षी शहराबाहेरच्या एका गोदामातून मी एक लांबट टेबल घेतलं, दोन्ही टोकांना वर वळलेलं, पूर्वजांच्या पाट्या ठेवायला वापरत तसं. विक्रेता म्हणाला, लाकूड दीडशे वर्षांचं आहे. ते खरंच होतं. तीन वर्षांनी घर बदलताना हमालांनी टेबल उलटं केलं आणि मला त्याचा तळ पहिल्यांदा दिसला. फळीवर अर्धगोल रेघा होत्या, एकीशेजारी एक, सारख्या अंतरावर. त्या यंत्रावरच्या गोल करवतीच्या. हातकरवतीच्या रेघा सरळ आणि थोड्या वेड्यावाकड्या पडतात. एका पायात चौकोनी खाच होती, रंगवलेल्या लांबीने बुजवलेली, आणि त्या जागी तिचं काहीच काम नव्हतं. पाडलेल्या घराच्या तुळया चिरून ते टेबल बनवलेलं होतं. लाकूड जुनं, टेबल नवं. विक्रेत्याने मला एक शब्दही खोटा सांगितला नव्हता. मीच चुकीचा प्रश्न विचारला होता.

तेव्हापासून मी समोरून बघायचं सोडलं. कोरीव काम, पितळी कड्या, लाल-काळं रोगण हे सगळं नवं करून मिळतं. मी कप्पे बाहेर काढते, पाठीमागे जाते, जमिनीवर बसून खालून बघते. शान्शीच्या कपाटाबद्दल माझी खात्री पटली ती दारावरच्या एका खुणेमुळे. दाराला लांबट लोंबती कडी आहे. दार उघडताना-मिटताना ती हलते आणि तिचं टोक रोगणावर घासतं. घासून घासून तिथे एक कमान उमटली आहे, चंद्रकोरीसारखी, मधे खोल आणि दोन्ही बाजूंना विरत गेलेली. डाव्या दारावरची पुसट आहे, उजव्या दारावरची ठळक, कारण उजवं दार आधी उघडावं लागतं. ही खूण कानस घेऊन करता येईल, पण दोन्ही दारांवर असा फरक ठेवायचं सहसा कुणाला सुचत नाही. दुसरी खूण म्हणजे दारांच्या फळ्या. त्या चौकटीत चिकटवलेल्या नाहीत, नुसत्या खाचेत बसवलेल्या आहेत. लाकूड रुंदीला आकसतं, त्यामुळे कडेला रोगण न लागलेल्या कोऱ्या लाकडाची बारीक पट्टी उघडी पडली आहे. आणि ते जोड दिलेले पाय! घराची जमीन विटांची, दमट. त्यामुळे पायांची टोकं कुजायची आणि सुतार तेवढाच भाग बदलायचा. माझ्या लेखी हा दोष नाही. विक्रेत्याने तो झाकला असता तर दोष ठरला असता. त्याने आपणहून दाखवला, म्हणून मी कपाट घेतलं.

याउलट एक प्रकार मी कधीही घेणार नाही. उंच जुन्या टेबलाचे पाय कापून त्याचं सोफ्यापुढचं बुटकं टेबल करतात, कपाटाची पाठ फोडून त्यात टीव्ही बसवतात. लाकूडही जुनं, बांधणीही जुनी, आणि तरी वस्तू मेलेली. बुटकंच टेबल हवं असेल तर उत्तर चीनमध्ये ते मुळात होतंच. विटांच्या, खालून शेकवलेल्या ओट्यावर घरातली माणसं बसत-झोपत, आणि त्या ओट्यावर ठेवायला चौरंगाहून थोडं मोठं टेबल असे. आपल्या भारतीय बैठकीसमोर ते असं शोभतं की ते कुठून आलं हे कुणी विचारतही नाही.

आता वारशाचा प्रश्न. तो मलाही छळतो, म्हणून तुमचं म्हणणं नुसतं खोडून काढणार नाही. १९६६ ते १९७६ या दशकात, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, चीनमध्ये ‘जुनं ते टाकाऊ’ म्हणून किती घरं रिकामी झाली, हे सगळ्यांना माहीत आहे. त्या काळातून ज्यांनी जुन्या फर्निचरचं ज्ञान वाचवलं त्यांत अभ्यासक आणि संग्राहक वांग शिश्यांग हे नाव पहिलं घ्यावं लागेल. त्यांनी सुतारांकडून एकेका सांध्याचं नाव उतरवून घेतलं, मोडक्या वस्तू घरी आणून ठेवल्या. १९८५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि जग या फर्निचरकडे डोळे उघडून बघायला लागलं. त्यांच्या संग्रहातल्या ७९ वस्तू आज शांघाय म्युझियममध्ये आहेत. पण जगाचं लक्ष गेलं तसे व्यापारीही गावोगाव फिरले, आणि हाँगकाँग-मकाऊमार्गे पुष्कळ माल बाहेर गेला. हे चांगलं झालं असं मी म्हणणार नाही. म्हणून माझा नियम साधा आहे. १९११ पर्यंतच्या मौल्यवान वस्तू चीनबाहेर न्यायला तिथल्या नियमांनुसार तत्त्वतः बंदी आहे. तेव्हा ‘चिंग काळातलं (१६४४ ते १९१२ च्या राजघराण्याच्या वेळचं) आहे, पाठवायची व्यवस्था करतो’ असं कुणी म्हणालं, तर एक तर ते चिंग काळातलं नाही, नाही तर तो माणूस कायदा मोडतोय. दोन्ही वेळा उठून यायचं. राहतं ते गावातल्या साध्या घरांतलं एल्मचं, अक्रोडाचं, कापराच्या लाकडाचं सामान. ते संग्रहालय घेत नाही आणि मालकाची मुलं शहरात नवा फ्लॅट सजवताना नको म्हणतात. ते कुणी वापरलं तरच राहतं.

आणि वारसा म्हणाल तर एका जागी हा प्रश्न उलटा आपल्याच दारात येतो. चिनी राजवाड्यात सगळ्यांत मानाचं लाकूड ‘झितान’, काळपट जांभळं, पाण्यात बुडेल इतकं जड. अठराव्या शतकातल्या सम्राट छ्येनलुंगच्या काळात त्याची सिंहासनं आणि लाकडी आडपडदे घडले. हे झितान म्हणजे आपलं रक्तचंदन. ते नैसर्गिकरीत्या वाढतं आंध्रच्या कडप्पा-चित्तूर भागातल्या डोंगरांत. आज तिथे झाडं चोरून तोडली जातात आणि त्यातला मोठा माल चीनकडे जातो. म्हणून ‘नवं, पारंपरिक पद्धतीचं झितानचं टेबल’ कुणी कितीही स्वस्तात दिलं तरी घेऊ नका, ही विनंती मी हात जोडून करते. मागच्या लेखात हे लिहायचं राहिलं, आणि तुमच्या आक्षेपांत ते नसलं तरी ही चूक मला त्या सगळ्यांहून मोठी वाटते.

पावसाळ्याचं बोलू. पुण्यात आणल्यावर पहिल्याच जुलैत कपाटाचं उजवं दार दाटून बसलं. ही दारं बिजागरीवर नसतात. आपल्या वाड्यांच्या दारांसारखी लाकडाच्याच खुंटांवर फिरतात. सुतारकाका रंधा घेऊन आले, म्हणाले दोन हात मारतो, सुटेल. मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. दिवाळीपर्यंत दार आपोआप मोकळं झालं, आणि तेव्हापासून दर वर्षी तेच होतं. रंधा मारला असता तर उन्हाळ्यात तिथे बोटभर फट दिसली असती. एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला तिच्या मापाची खाच, मधे फळी मोकळी: ही बांधणी हवामान सोसायलाच केलेली आहे. बीजिंगचा हिवाळा घरातल्या हीटिंगमुळे आपल्या उन्हाळ्याहून कोरडा असतो, आणि तोही तिने काढला. रोगणाला तर दमटपणाचं भय कमीच. त्याला मारतं ते खिडकीतलं ऊन आणि एसीचा थेट झोत. भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा, पावसाळ्यात कोरड्या फडक्याने पुसा, बस.

कीड मात्र खरी आहे, तिथे तुमची भीती मला मान्य. एल्मला सागासारखं अंगचं तेल नाही. माझ्या कपाटाच्या तळातून एका मार्चमध्ये पिठासारखा भुसा पडायला लागला आणि त्या आठवड्यात मला झोप लागली नव्हती. भोकांत औषध सोडून, कपाट प्लास्टिकमध्ये बांधून तीन आठवडे ठेवलं, तेव्हा थांबलं. घेण्याआधी खाली काळा कागद अंथरा, लाकडावर थापटी मारा आणि कागद बघा. पांढरं पीठ पडलं तर भोकं ताजी आहेत.

सजावटीबद्दल तुम्ही लिहिलंत की घर हॉटेलसारखं दिसतं. एका खोलीत एकच वस्तू आणि तिच्याभोवती रिकामी भिंत असेल तर नाही दिसत. लाल कंदील, ड्रॅगन, बांबूची रोपटी सोबत आणली की दिसतंच. आणि पूर्वजांच्या पाट्यांसाठीच्या त्या टेबलाचा मी चपला ठेवायला वापर करत नाही, ते नवं निघालं तरी. त्यावर पुस्तकं असतात, आणि सणाला फुलं.

राहिला तुमच्या आजीचा पेटारा. मी कपाट आणलं म्हणून तो भंगारात जावा असं मला मुळीच वाटत नाही; उलट चिनी सामान खालून बघायला शिकल्यावरच मी आमच्या गावच्या घरातलं फडताळ पहिल्यांदा नीट पाहिलं. पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा पेटारा रिकामा करून आडवा पाडा. तळाच्या फळ्या जोडलेल्या कशा आहेत, कोपऱ्यांना खिळे आहेत की खाचा, कोयंड्याखाली लाकूड किती झिजलंय, ते बघा. भंगारवाल्याला तेवढे दोन दिवस थांबवा. फोटो मला पाठवा. पाय कुजले असतील तर ते जोडून देणारे आमचे सुतारकाका अजून काम करतात, आणि आता ते रंधा आणण्याआधी मला फोन करतात.