सायकॉलॉजी फ्रॉइडने काढली म्हणे!

तो फॉरवर्ड परत आलाय, या महिन्यात तिसऱ्यांदा. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मानसशास्त्र म्हणजे फ्रॉइड नावाच्या डॉक्टरने पेशंटला कोचावर झोपवून ऐकलेल्या गप्पा, मनाचं मोजमाप होतच नाही म्हणून हे सायन्स नाहीच, आणि आता तर यांचे प्रयोगच खोटे निघालेत, विषय संपला.

आधी फ्रॉइडचं बघू. विल्हेल्म वुंट या जर्मन प्राध्यापकाने लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची पहिली मानली जाणारी लॅब काढली 1879 ला, तेव्हा फ्रॉइड व्हिएन्नात मेडिकलला शिकत होता, डिग्री हातात पडायला अजून दोन वर्षं होती. स्वप्नांवरचं त्याचं गाजलेलं पुस्तक आलं 1899 च्या नोव्हेंबरात (आत साल मात्र 1900 छापलंय) आणि तोवर अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांची संघटना निघून सात वर्षं झाली होती. म्हणजे माणूस वरातीत मागाहून आला आणि फोटोत सगळ्यात पुढे उभा राहिला. बाकी या विषयाची सुरुवात म्हणून 1879 हे सालही सोयीसाठीच धरलंय म्हणा, अमेरिकेत हार्वर्डमध्ये विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने त्याआधीच छोटी खोली प्रयोगांसाठी घेतली होती.

आता मोजमाप. हा आक्षेप फॉरवर्डवाल्याचा स्वतःचा नाहीच, कांट या जर्मन तत्त्वज्ञाने 1786 मध्येच म्हटलं होतं की मनातल्या गोष्टींना गणित लावता येत नाही. गंमत म्हणजे दहाच वर्षांनी, 1796 ला इंग्लंडमधल्या ग्रीनिचच्या वेधशाळेत तिथल्या प्रमुखाने, मास्केलाइनने, आपल्या असिस्टंटला, किनब्रुकला, कामावरून काढलं, कारण आकाशातला तारा दुर्बिणीतल्या बारीक धाग्यावरून कधी सरकला याची त्याची वेळ साहेबांपेक्षा 0.8 सेकंदाने मागे पडायची. पुढे बेसेल या खगोलशास्त्रज्ञाने असे आकडे ताडून पाहिले तर प्रत्येकाचाच वेळ वेगळा, कामचुकारपणाचा काही संबंधच नाही!! मग 1850 ला हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजलं. त्याचे गुरू म्युलर म्हणायचे की हे मोजणं शक्य नाही, आणि उत्तर आलं सेकंदाला साधारण 27 मीटर, आवाजापेक्षाही कितीतरी हळू.

घरी करून बघा. कुणालातरी 30 सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा, शून्याच्या खुणेपाशी तुमची बोटं उघडी ठेवा, त्याने न सांगता सोडली की पकडा. 20 सेंटिमीटरवर पकडलीत तर तुम्हाला 0.2 सेकंद लागले, शाळेतलं गुरुत्वाकर्षणाचंच गणित आहे. आता दोन पट्ट्या, दोन्ही हात तयार, पण सुटणार एकच आणि कुठली ते माहीत नाही, जी सुटेल तीच पकडायची, दुसरा हात हलवायचा नाही. आकडा वाढतो की नाही? हा जो जादाचा वेळ आहे ना, तो 'कुठली' हे ठरवण्याचा. हेच डोंडर्स नावाच्या डच डॉक्टरने 1868 मध्ये वजाबाकी करून काढलं होतं, अर्थात पट्टीशिवाय.

एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने तर स्वतःलाच प्रयोगातला उंदीर केलं. अर्थ नसलेले सुमारे 2300 छोटे शब्दासारखे तुकडे बनवले, त्यांच्या याद्या पाठ करायच्या, विसरायच्या आणि परत पाठ करताना किती वेळ वाचतो ते बघायचं. 20 मिनिटांनी 58 टक्के वाचायचा, दिवसाने 34 आणि महिन्याने 21, हे त्याने 1885 ला छापलं. 2015 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी एका माणसाकडून 70 तास हेच करून घेतलं, आलेख जवळपास तसाच आला. मोजता येत नाही म्हणे.

तिसरा मुद्दा मात्र हवेतला नाही. 2015 मध्येच मानसशास्त्रातले 100 जुने अभ्यास परत करून पाहिले तेव्हा मूळच्या 97 टक्के पेपरांत ठोस निकाल होता आणि परत केल्यावर जेमतेम 36 टक्क्यांत आला. वाईटच आहे, सारवासारव करण्यात अर्थ नाही. पण 'परत आला नाही' आणि 'खोटा' यात फरक आहे, लहान सॅम्पल आणि फक्त चमकदार निकाल छापायची जर्नलांची खोड यानेही असं होतं. आणि हे उकरून काढलं कुणी? मानसशास्त्रज्ञांनीच, 270 जणांनी मिळून. शिवाय स्मृती-लक्ष वगैरेवरचे अभ्यास निम्मे टिकले, सोशल सायकॉलॉजीचे पावच, म्हणजे सगळ्यांना एकाच झाडूने झाडून चालणार नाही.

ग्रुपवर मी पट्टीचा प्रयोग टाकलाय. आतापर्यंत दोघांचे आकडे आले, एक 17 आणि एक 24. चोवीसवाले म्हणतायत पट्टी वाकडी होती.