पंधरा मिनिटांचं अंतर

सिंधुदुर्गातल्या आमच्या परुळे गावाजवळ चिपीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, ९ ऑक्टोबर २०२१ला विमानतळ सुरू झाला आणि तेव्हापासून नातेवाइकांच्या लेखी आम्ही खेड्यातले राहिलो नाही. "आता काय बाबा, तुमच्या दारात विमान!" दारात आहे हे खरं. आम्हाला जायचं असतं तिथे ते जात नाही, एवढंच.

हैदराबादचा भाचा विमानाने कोल्हापूरला उतरणार होता. "मामा, न्यायला येशील ना? चिपी ते कोल्हापूर विमानतळ फक्त ११० किलोमीटर. पंधरा मिनिटं!"

हे त्याने नेटवर बघितलं होतं. हिशोबात चूक नाही. छोटं एटीआर विमान ताशी पाचशेच्या आसपास उडतं, भागाकार बरोबर येतो. फक्त ते विमान नाही. हट्टाने उडायचंच म्हटलं आणि चिपीहून मुंबईचं विमान असलंच, तर आधी मुंबई गाठा, म्हणजे साडेतीनशे किलोमीटर वर. मग तिथून तीनशे खाली. त्यातही दोन्ही विमानं एकाच दिवशी मिळणं म्हणजे छत्तीस गुण जुळणं.

सकाळी गाडी पुसताना शेजारच्या आबांनी हटकलंच. "खंय चल्लस?"

"कोल्हापूरच्या विमानतळार."

"दारातलो विमानतळ सोडून थंय कित्याक?"

रस्त्याने हे अंतर दीडशेच्या पुढे जातं. तळेऱ्यापर्यंत हायवे, त्यात सांगण्यासारखं काही नाही. वैभववाडी सोडली की करूळ घाट. २०२४च्या जानेवारीत तो काँक्रीटसाठी बंद झाला, तेव्हा भुईबावडा घाटाने वर चढायचो, आता करूळच. पहिल्या वळणाआधी बायकोने पर्समधून लिंबू काढलं. हे लिंबू चिरायचं नसतं. नखाने साल ओरबाडायची, हुंगायचं आणि मागे पास करायचं. मागे ताई, म्हणजे भाच्याची आई. ती शहाणपणाने रेल्वेने कुडाळला उतरली होती, पण पोराच्या मायेपायी घाटात सापडली. निम्म्या घाटापर्यंत लिंबाचा रंग गेला होता.

गगनबावड्याला चहा झाला आणि मला वाटलं, सुटलो. पण उसाचा सीझन! पुढचे पंचावन्न किलोमीटर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर. मागे दिवा नाही, पुढे मात्र स्पीकर. एकाला ओव्हरटेक केलं की दुसरा हजर. मग फुलेवाडी, रंकाळा, सगळं शहर पार करायचं, कारण विमानतळाची उजळाईवाडी नेमकी पलीकडच्या टोकाला. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली झालेला हा विमानतळ. मार्च २०२४मध्ये त्याची नवी चकचकीत इमारतही झाली. कोकणातून तिथे पोचायची वाट मात्र अजून घाटाचीच.

भाचा ताजातवाना बाहेर आला. "किती वेळ लागला मामा?"

"साडेचार तास. तुला?"

"सव्वा."

गाडीत बसल्या बसल्या त्याने परत मोबाइल काढला. "मामा, गोव्याचा मोपा विमानतळ तर चिपीहून हवाई अंतराने पन्नास किलोमीटरही नाही. मधे घाटही नाही!"

"मग तिथे का नाही उतरलास?" ताईने लिंबू खाली ठेवून विचारलं.

"तिकीट आठशे रुपयांनी महाग होतं."

मी मनातल्या मनात डिझेल, चहा आणि चौघांच्या मिसळीची बेरीज केली. पण ताई मागेच बसली होती, म्हणून आकडा बोललो नाही.