धरणे भरली, तरी टँकर का? ‘बनावट टंचाई’च्या संदेशाला उत्तर

पावसाळ्यात खडकवासला धरणाचे दरवाजे उघडले की पुण्यातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: ‘चारही धरणे भरली आहेत, हजारो क्युसेक पाणी नदीत वाया चालले आहे, तरीही आपल्या दारात टँकर उभा आहे, म्हणजे ही टंचाई बनावट असून टँकरवाल्यांसाठी मुद्दाम केलेली आहे. कर भरूनही पाणी विकत का घ्यायचे?’ या संदेशामागचा संताप रास्त आहे; टँकरच्या खर्चातला वाटा दरमहा मीही भरतो. मात्र त्यातला तर्क चुकलेला आहे आणि त्यामुळे जाब भलत्याच ठिकाणी विचारला जातो.

नदीत सोडलेले पाणी ‘वाया’ जाते, हा मुद्दा लवकर निकालात निघतो. खडकवासल्याची साठवणक्षमता जेमतेम दोन टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. वरची पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे भरत आली की येणारे पाणी खडकवासल्यात मावत नाही, ते सोडावेच लागते. ते मुठेतून मुळा-मुठेत, तेथून भीमेत आणि पुढे उजनी धरणात पोहोचते. ज्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्यातील शेती आणि सोलापूर शहर अवलंबून आहे, त्याला वाया गेलेले म्हणणे योग्य नाही.

‘धरणे भरली म्हणजे नळाला पाणी आलेच पाहिजे’ हा मुद्दा मात्र थांबून तपासण्यासारखा आहे. चारही धरणांचा मिळून साठा सुमारे २९ टीएमसी आहे. तो पुढच्या जुलैपर्यंत पुरवायचा असतो आणि त्यातूनच दौंड, इंदापूरकडच्या शेतीला कालव्याने आवर्तने, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, द्यायची असतात. महापालिकेचा पाटबंधारे खात्याशी पूर्वी झालेला करार ११.५ टीएमसीचा होता. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. या हिशेबाने तो जुना कोटासुद्धा दिवसाला ८९ कोटी लिटरच्या आसपास जातो आणि माणशी १३५ लिटरच्या निकषाने तो ६६ लाख लोकांना पुरतो. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांच्या वर होती. त्यानंतर ती कितीही वाढली असली, तरी शहर या कराराहून बरेच जास्त पाणी उचलत आले आहे. म्हणजे धरण अर्धे असो वा काठोकाठ, आपल्या टाकीत पाणी न येण्याचे कारण धरणापाशी सापडत नाही. ते धरण आणि नळ यांच्यामधल्या वाटेवर आहे.

ती वाट कशी आहे, हे सिंहगड रस्त्यावर दिसते. नांदेड आणि किरकटवाडी ही गावे धरणापासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि जून २०२१ मध्ये महापालिकेत समाविष्ट झालेल्या २३ गावांत त्यांचा समावेश आहे. जानेवारी २०२५ मध्ये गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने याच पट्ट्यात आढळले, तेव्हा तेथे विहिरीतून उपसलेले पाणी शुद्धीकरण प्रकल्पातून न जाता केवळ क्लोरिन मिसळून घरोघरी जात असल्याचे सर्वांना कळले. धरण उशाला असूनही शुद्ध पाण्याची वाहिनी पोहोचली नव्हती. त्याआधी २०१७ मध्ये ११ गावे आली होती. दोन्ही वेळच्या समावेशानंतर शहराची हद्द ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे, मुंबई महापालिकेहूनही मोठी झाली. हद्द एका अधिसूचनेने वाढते. जलवाहिनी, पंपिंग केंद्र आणि उंचावरची टाकी यांना वर्षे लागतात. समान पाणीपुरवठा योजनेसाठी महापालिकेने २०१७ मध्ये २०० कोटींचे कर्जरोखे काढले, पण त्या योजनेतल्या ८२ टाक्यांची आखणी जुन्या हद्दीसाठी होती.

आता टँकरवाल्यांबद्दल. पहाटे साडेपाचला टँकर मागे घेत गेटमधून आत येतो, चालक जाड पाइप जमिनीखालच्या टाकीत सोडतो आणि वॉचमन वहीत गाडीचा नंबर टिपतो. दहा हजार लिटरच्या त्या एका फेरीत चौघांच्या जेमतेम १८ कुटुंबांची एका दिवसाची गरज भागते. शंभर सदनिकांना रोज पाच-सहा फेऱ्या लागतात. एवढ्या पैशात हितसंबंध तयार होतात, हे मी नाकारत नाही, आणि त्यांची चौकशी व्हायलाच हवी. परंतु जिथे वाहिनीच टाकलेली नाही, तिथे चावी बंद ठेवून टंचाई निर्माण करण्याची कोणाला गरजच उरत नाही. टँकर या उणिवेवर पोसला जातो. उणीव त्याच्या आधीपासून आहे.

राहिला कराचा प्रश्न, आणि संदेशातला हाच प्रश्न खरा आहे. महापालिकेचे पाणी मिळेपर्यंत पाण्याची सोय आम्ही करू, असे हमीपत्र बांधकाम व्यावसायिकांकडून घेऊन शहराच्या कडेच्या अनेक गृहप्रकल्पांना परवानग्या दिल्या गेल्या. सदनिकांचा ताबा दिला गेला, सोसायटी स्थापन झाली आणि त्या हमीचा भार न बोलता रहिवाशांवर आला. परवानगी देताना त्या भागासाठी कोणती टाकी, कोणती वाहिनी आणि किती मुदत गृहीत धरली होती, हे महापालिकेने लेखी सांगायला हवे. आपल्या इमारतीच्या भोगवटा प्रमाणपत्राच्या फायलीत असे हमीपत्र आहे का आणि त्यावर सही कोणाची आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. आमच्या सोसायटीने तसा अर्ज द्यावा, असा प्रस्ताव मी पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडणार आहे.