साडी, कुकर आणि दोन हजार शब्द

फिल्म स्कूलला आहे असं सांगितलं की नातेवाइकांना वाटतं हा दिवसभर गॉगल लावून खुर्चीत बसतो आणि अॅक्शन-कट ओरडतो. अहो, साडेनऊला थिअरी, त्यात पंच्याहत्तर टक्के अटेंडन्सची टांगती तलवार, आणि त्याच आठवड्यात आपली शॉर्टफिल्म पण शूट करायची, कारण कॅमेरा तेव्हाच मिळतो, नंतर दुसऱ्या बॅचला.

परवा लेक्चरला कुलेशोव्ह होता, म्हणजे त्या रशियन दिग्दर्शकाचा प्रयोग. एकाच माणसाचा एकच चेहरा, पुढे कधी सूपची वाटी जोडली, कधी शवपेटी, तर बघणाऱ्याला त्यात भूक दिसते नाहीतर दुःख दिसतं, म्हणजे कमाल एडिटिंगची. मी मागच्या बाकावर कॉल शीट, म्हणजे शूटला कुणी कधी कुठे यायचं त्याचा कागद, करत होतो आणि मनात म्हटलं, आमच्या हिरोचाही चेहरा कशापुढे हलत नाही, पण त्याला कुणी सिद्धांत म्हणत नाही.

लोकेशन सदाशिव पेठेतला एक वाडा. खिडकीतून ऊन येतं ते जेमतेम दीड तास, लेक्चर सुटून आम्ही ऊन चेहऱ्यावर परतवायचं थर्माकोल बगलेत मारून पोचतो तोवर त्यातलं निम्मं संपलेलं. पहिल्या दिवशी सगळ्यात शेवटी रूम टोन घ्यायचा होता, म्हणजे खोलीत कुणी बोलत नसताना जो काही आवाज असतो तो नुसता अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचा, पुढे डायलॉगच्या कटखाली पसरायला लागतो. पंखा बंद, फ्रिज बंद, सगळे पुतळे, लांब दांडीवर माइक धरणाऱ्या बूमवाल्याच्या नाकावर माशी बसली तरी पठ्ठ्या हलला नाही, आणि पंचविसाव्या सेकंदाला शेजारच्या काकूंचा कुकर. परत घेतला, परत शिट्टी. तुरीची डाळ होती म्हणे, वेळ लागतो.

तेवढ्यात आईचा रोल करणाऱ्या बाईंचा मेसेज, उद्या जमत नाही. त्यांचा एकही शॉट झाला नव्हता हे नशीब. म्हटलं काकूंनाच उभं करू, आई पण मिळेल आणि कुकर पण गप्प बसेल! फाळक्यांना नाही का, १९१३ च्या राजा हरिश्चंद्रसाठी तारामती करायला एक बाई मिळेना, शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या साळुंकेंना साडी नेसवली. आमच्याकडे साडी नेसलेली बाई तयार होती, फक्त ती रोज वेगळी साडी नेसायची. सीन तोच, दोन दिवसांत घेतलेला, पण दार उघडताना काकू हिरव्या आणि दार लावताना जांभळ्या. कंटिन्यूटी, म्हणजे एका सीनमध्ये सगळं शेवटपर्यंत तसंच दिसायला हवं, हे समजावलं तर म्हणाल्या, "अरे, कालचीच आज कशी नेसू? पिक्चरमध्ये घालायला एकच साडी आहे असं वाटेल लोकांना."

आणि त्या आठवड्याचं असाइनमेंट काय असावं? कंटिन्यूटी एडिटिंग, दोन हजार शब्द, रात्री बारापर्यंत. फिल्मचं सबमिशनपण त्याच रात्री, हे वेळापत्रक कोण बनवतं त्याला एकदा भेटायचंय. लॅपटॉप एक. त्यावर रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या फिल्मची फायनल फाइल काढायला, लावलं की माउससुद्धा हलत नाही, पंखा विमानासारखा ओरडतो, म्हणून निबंध मोबाइलवर अंगठ्याने टाइप केला, एकशे ऐंशी डिग्रीचा नियम, म्हणजे कॅमेरा पात्रांच्या एकाच बाजूला ठेवायचा, तो कसा पाळावा वगैरे, आणि समोर टाइमलाइनवर काकू हिरव्याच्या जांभळ्या होतायत. दोन्ही गेलं कसंबसं वेळेत.

मंगळवारी शेरे आले. फिल्मवर, "थिअरीचा अभ्यास दिसत नाही." निबंधावर, "प्रत्यक्ष कामातली उदाहरणं हवी होती."

पुढची एक्सरसाइज साउंडची आहे. काकूंना विचारलं, म्हणाल्या खुशाल या रे सगळे, फक्त त्या दिवशी पुरण घालायचंय.