‘अभ्यास करून लिहा’ म्हणणाऱ्या वाचकास

‘हॅट’ नावाच्या एकाच आकाराच्या फरशीने, नक्षी पुन्हा तीच न येता, सगळी जमीन भरता येते, असा माझा लेख होता. त्यावरची तुमची प्रतिक्रिया रात्री वाचली. लगेच उत्तर द्यायचं नाही असं ठरवून आडवा झालो, पण झोप काही लागली नाही.

तुम्ही लिहिता, ‘हॅट ही एकच फरशी नाही, तिची उलटी आवृत्तीही लागते. अभ्यास करून लिहा.’ यातलं पहिलं वाक्य मुद्दा, दुसरं टोमणा. मुद्दा एवढा पक्का होता तर टोमणा कशाला?

आधी माझी चूक. हॅटला १३ बाजू आहेत, माझ्याकडून १२ टाइप झालं. सुधारलंय, आभार.

आता उलट्या, म्हणजे पालथ्या घातलेल्या, फरशीचं. इंग्लंडमधल्या ब्रिडलिंग्टनच्या डेव्हिड स्मिथ यांना २०२२ मध्ये हा आकार सापडला. त्याने सगळी जमीन भरते, तरी नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा तीच येत नाही. त्यात साधारण सात सुलट्यांमागे एक उलटी लागते. हे मला ठाऊकच नसणार, असं तुम्ही धरून चाललात! अहो, भूमितीत आकार पालथा घातला म्हणून तो वेगळा ठरत नाही. शाळेत एकरूप त्रिकोण कागद पालथा करून जुळवलेत ना? मार्च २०२३ च्या शोधनिबंधात स्मिथ, मायर्स, कॅप्लन आणि गुडमन-स्ट्रॉस यांनीही तेच धरलंय. त्यांनाही कळवा, अभ्यास करून लिहा म्हणून.

आणि फरशीचं मला सांगू नका. माझे वडील गवंडी. दहावीच्या सुट्टीत त्यांच्या हाताखाली मी शहाबादी बसवलीय, गुडघे सोलून घेतलेत. एका अंगाला टवका उडाला की वडील फरशी सरळ पालथी घालायचे, ‘तीच फरशी, फक्त कूस बदलली’ म्हणायचे. आता चकाकीवाली टाइल अशी पालथी घालता येत नाही, हे मान्य. पण मी गणितावर लिहीत होतो, न्हाणीघरावर नव्हे.

त्याच चौघांनी दोन महिन्यांत ‘स्पेक्टर’ हा दुसरा आकार आणला, ज्यात उलटी फरशी लागतच नाही. म्हणजे त्यांनाही ती खटकली असेल, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. लेख हॅटवर होता, म्हणून स्पेक्टर घेतला नाही.

आकृत्या पुसट दिसतात, असंही तुम्ही लिहिलंय; ही तक्रार दुसऱ्या कुणाची नाही. दोन आकारांच्या फरश्यांनी अशी पुन्हा तीच न येणारी नक्षी करणाऱ्या पेनरोज यांचं नाव का नाही, असंही विचारलंय. लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे, तिथवर पोचलात तर दिसेल.