माजलेलं रान

मुळशीकडे डोंगराच्या कुशीत घर बांधलं, तेव्हा बागेबद्दल माझी एकच अट होती. डोंगर कुठे संपला आणि बाग कुठे सुरू झाली, हे बघणाऱ्याला कळता कामा नये.

बायकोला लॉन आणि बोगनवेल हवी होती. मी तिला बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, गुलमोहर मादागास्करचा, असं ऐकवत सुटलो. "आणि तुझ्या ठेच्यातली मिरची?" असं तिने विचारल्यावर मी विषय सह्याद्रीकडे वळवला.

करवंद, कुडा, धायटी, निर्गुडी, उतारावर कारवी अशी यादी घेऊन नर्सरीत गेलो. "करवंद? विकत?" नर्सरीवाल्याने दोनदा विचारलं. शेवटी ऐंशी रुपयांना एक, अशी बारा रोपं मागवून दिली. ती लावताना वाडीतल्या एक मावशी मोळी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. कुंपणापलीकडच्या करवंदीच्या जाळीकडे बघितलं, माझ्या हातातल्या काळ्या पिशवीकडे बघितलं. "इकत आणलं?" एवढंच विचारून निघून गेल्या. मे महिन्यात त्यांनीच मला त्या जाळीतली करवंदं पाटीभर विकली.

कारवी सात वर्षांनी एकदा फुलते. "म्हणजे आधी कारवी फुलणार की आधी गृहकर्ज फिटणार?" बायको म्हणाली. हिशेब केला. कारवी तेरा वर्षांनी पुढे होती.

लोकांना वाटतं, रानाला काय कष्ट! दगड सहज पडल्यासारखे दिसावेत म्हणून चार माणसं दिवसभर राबत होती. गडीदादा ते रांगेत लावायचे, मी विस्कटायचो, चहा पिऊन यावं तर पुन्हा रांग. घाणेरीचं तर विचारूच नका. हीसुद्धा अमेरिकेचीच, शोभेसाठी आणलेली, आता डोंगरच्या डोंगर तिचे. उपटताना हात सोलून निघतात, आणि मुळाचा तुकडा राहिला की पठ्ठी परत हजर. शिवाय वणव्याच्या भीतीने कुंपणाबाहेर जाळरेषा काढायची ती वेगळीच.

पुण्याहून आत्या आली. सगळीकडे फिरली, चहा प्यायली आणि म्हणाली, "घर छान झालंय रे. बाग कधी करणार?" मला तो सन्मान वाटला. बायकोला नाही वाटला.

दुसऱ्या पावसाळ्यात मात्र कमाल झाली. सोनकीने उतार पिवळा केला, मधूनमधून गुलाबी तेरडा. कुंपण दिसेना. फोटो पाठवले, तर "ट्रेकला गेला होतास का?" अशी उत्तरं आली. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात. मी दहा दिवसांचा विश्वास टाकून गणपतीला पुण्याला गेलो. किल्ली गडीदादांकडे दिली, "जरा लक्ष ठेवा" म्हणालो.

परत आलो तर जमीन दाढी केल्यासारखी गुळगुळीत. करवंद, कारवी, सोनकी, सगळ्यांचा एकच ढीग कोपऱ्यात वाळत होता.

"लई माजलं होतं रान, साहेब. किरडू-बिरडू निघतं. दोन दिसांची हजेरी झाली."

तोंडातून शब्द फुटेना. तेवढ्यात अंगणाच्या मधोमध एक झुडूप दिसलं, डौलात उभं. घाणेरी.

"तेवढं फुलझाड ठेवलंय वहिनींसाठी," दादा म्हणाले.

तिच्या भोवती माझे सहज पडलेले दगड गोल मांडले होते. चुना मारून.